पोटरीत गोळा येतो तेव्हा : पेटके का येतात, उपाय काय आणि धोका कुठे



आजवर आपण या पत्रकांतून बियाणे, खत, खोडकिडा, करपा यांविषयी बोललो. आजचा विषय पिकाचा नाही, पीक काढणाऱ्या माणसाचा आहे. बैल लंगडायला लागला तर आपण त्याच दिवशी औत सोडतो, खूर पाहतो, गुरांच्या डॉक्टरला निरोप धाडतो. स्वतःचा पाय आखडला की मात्र "होतंच असं, लावणीचे दिवस आहेत" असं म्हणून पुन्हा चिखलात उतरतो.

मी शेतीचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय घ्यावासा वाटला, त्याला कारण आहे. एका आवणात, एकाच आठवड्यात, मी दोन दुखऱ्या पोटऱ्या पाहिल्या. पहिली खालापूर तालुक्यातल्या एका मावशींची. सकाळपासून वाकून लावणी करत होत्या. दुपारी एकदम ओरडल्या आणि चिखलात बसल्या. पोटरी दगडासारखी घट्ट झाली होती. बायांनी त्यांना बांधावर आणले, पाय सरळ करून चवडा वर ओढला आणि मीठ घातलेली पेज पाजली. पाच-सात मिनिटांत गोळा सुटला. थोडी विश्रांती घेऊन त्या हसत उभ्या राहिल्या.

दुसरी पोटरी कर्जत तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याची. त्याच्या दोन्ही पोटऱ्या दुखत होत्या, अंगात कसकस होती. "चिखलणी केली ना, म्हणून," असं म्हणत त्याने चार दिवस तेल चोळले आणि दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून घेतल्या. पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा घरच्यांनी दवाखान्यात नेले. तो लेप्टोचा ताप निघाला. माणूस वाचला, पण पुढचा महिनाभर त्याला काम झाले नाही आणि उरलेली लावणी शेजाऱ्यांना करावी लागली.

दोघांनीही एकच शब्द वापरला होता : "पोटऱ्या भरल्यात." पण एक होता साधा पेटका आणि दुसरा होता जिवावरचा आजार. या दोन्हींतला फरक घरातल्या प्रत्येकाला ओळखता यावा, यासाठी हे पत्रक.

पेटका म्हणजे काय?

कुणी त्याला गोळा म्हणतात, कुणी वांब, कुणी पेटका. गोष्ट एकच. स्नायू आपल्या मनाविरुद्ध आखडतो आणि लगेच सैल होत नाही. हात लावला तर गाठ लागते. दुखते फार, पण काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतच. बहुतेक वेळा पोटरीत, तळपायात किंवा मांडीत येतो. विळा घट्ट धरून कापणी करणाऱ्याच्या बोटांतही येतो.

स्नायूचे काम औताच्या बैलासारखे आहे. त्याला पुढे हाकणारा एक निरोप असतो आणि कासरा ओढून "पुरे" म्हणणारा दुसरा निरोप असतो. दोन्ही निरोप मज्जातंतूंतून जातात. स्नायू ताजा असतो तेव्हा दोन्हींचा मेळ बसतो. तो फार दमला की हाकणारा निरोप जोरात जाऊ लागतो आणि कासरा ढिला पडतो. मग स्नायू आखडतो तो आखडतोच. अशा वेळी तो स्नायू हळूच ताणला की कासरा पुन्हा घट्ट होतो आणि गोळा सुटतो. म्हणून पेटक्यावर पहिले औषध गोळी किंवा इंजेक्शन नव्हे. पहिले औषध म्हणजे ताण देणे.

आपल्याकडे पेटके का येतात?

१. फार श्रम आणि एकाच ठेवणीत काम. लावणीत माणूस तासन् तास कमरेत वाकलेला असतो. पाय चिखलात रुतलेले असतात आणि प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागते. पोटरीला विसावा मिळत नाही. वर्षभर वेगळे काम करणारा माणूस आवणात एकदम दहा तास राबतो, त्याला त्रास आधी होतो.

२. घाम आणि मीठ. घामावाटे पाणी जाते तसेच मीठही जाते. घामाने भिजलेली बंडी वाळली की तिच्यावर पांढरे डाग पडतात, ते मिठाचेच. १९२३ साली के. एन. मॉस यांनी इंग्लंडातल्या खोल, गरम कोळसा खाणींतल्या मजुरांचा अभ्यास केला. भरपूर घाम गाळून नुसते साधे पाणी पिणाऱ्या मजुरांना पेटके येत होते. पाण्यात थोडे मीठ घातल्यावर त्यांना आराम पडला. आजचे तज्ज्ञ मात्र सांगतात की प्रत्येक पेटक्याचे कारण मीठच असते असे नाही. बऱ्याच वेळा नुसता थकवाही पुरतो. म्हणून दोन्हींकडे लक्ष द्यावे.

३. उन्हाळी कामे. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी राजनाल्याने कर्जतच्या शेतांत येते आणि त्यावर उन्हाळी भात होतो. त्याची कापणी-झोडणी ऐन उन्हाच्या दिवसांत येते. राब भाजणे, बांधबंदिस्ती, वीटभट्टी ही कामेही त्याच दिवसांतली. आपल्याकडची हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या भिरा येथे मार्च २०१७ मध्ये पारा ४६ अंशांवर गेला होता, हे विसरू नये.

४. पावसात तहान लागत नाही. ही गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. वरून पाऊस पडत असतो, पण इरल्याखाली किंवा प्लास्टिकच्या कागदाखाली अंग घामाने भिजलेले असते. गारव्यामुळे तहान कळत नाही आणि सकाळची पेज पोटात गेल्यावर दुपारपर्यंत पाण्याचा घोट जात नाही.

५. बायकांची अडचण. हे स्पष्ट बोलले पाहिजे. शेतावर आडोसा नसतो, म्हणून पुष्कळ भगिनी लघवीला जावे लागू नये यासाठी मुद्दाम पाणी पीत नाहीत. त्यातून पेटके येतात, चक्कर येते आणि मूत्रमार्गाची जळजळ मागे लागते. शेताच्या मालकाने चार बांबू आणि एक ताडपत्री लावून आडोसा करून द्यावा. खर्च थोडा आहे, उपकार मोठा आहे.

६. रात्रीचे पेटके. झोपेत पाऊल खाली झुकते आणि पोटरी आखूड स्थितीत राहते. दिवसभर दमलेला स्नायू मग पहाटे आखडतो. वय वाढले की हे वाढते. गरोदर बाईलाही शेवटच्या महिन्यांत असा त्रास होतो.

७. औषधे व इतर आजार. रक्तदाबासाठी घेतलेल्या लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, मधुमेह, थायरॉइडचा विकार यांतही पेटके येतात. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारावे.

गोळा आला की काय करावे?

१. काम ताबडतोब थांबवा. चिखलातून बाहेर या, बांधावर बसा. हातातला विळा बाजूला ठेवा. पाण्यात असाल तर आधी काठाला या. उल्हास किंवा पाताळगंगेच्या डोहात पोहताना पायात गोळा येणे जिवावर बेतू शकते. दमलेल्या अंगाने खोल पाण्यात उतरू नये.

२. पोटरीत गोळा असेल तर गुडघा सरळ ठेवा आणि पायाची बोटे हळूहळू नाकाच्या दिशेने ओढा. एकटे असाल तर पंचा किंवा टॉवेल चवड्याखाली घालून दोन्ही टोके स्वतःकडे ओढा. सुमारे अर्धा मिनिट तसेच धरा, सोडा, पुन्हा करा. हिसका देऊ नका.

३. मांडीच्या मागच्या बाजूला गोळा असेल तर पाय सरळ करा. पुढच्या बाजूला असेल तर आधाराला धरून गुडघा वाकवा आणि टाच ढुंगणाकडे न्या. बोटे आखडली असतील तर दुसऱ्या हाताने ती उघडून हळूच मागे न्या.

४. गोळा सुटू लागला की हलक्या हाताने चोळा. नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेका. दुसऱ्या दिवशी थोडी ठणक राहिली तर घाबरू नका.

५. सावलीत बसून घोट घोट पेय घ्या. अर्धा तास तरी विसावा घ्या. लगेच उठून कामाला लागलात तर गोळा परत येतो.

काय करू नये तेही सांगतो. पोटरीवर बुक्के मारू नयेत. पायाला दोरी किंवा फडके आवळून बांधू नये. डाग तर कधीच देऊ नये, त्याने गोळा जात नाही आणि जखम मात्र चिघळते. "ताकदीचं सलाइन" किंवा "कॅल्शियमचं इंजेक्शन" स्वतःहून मागून घेऊ नये. साध्या पेटक्याला त्याची गरज नसते. रात्रीच्या पेटक्यांसाठी पूर्वी क्विनीनच्या गोळ्या घेत असत. त्यांच्या घातक दुष्परिणामांमुळे आता त्या या कामासाठी घेऊ नयेत असे सांगितले जाते.

काय प्यावे, किती प्यावे?

उन्हात जड काम असेल तर दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी घ्यावे. तहानेची वाट पाहू नये. एकदम तांब्याभर ढोसण्यापेक्षा थोडे थोडे बरे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजा.

मिठासाठी बाजारात जाण्याची गरज नाही. पेज, ताक, नाचणीची आंबील, लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत यांत चिमूटभर मीठ घालून शेतावर न्या. सोबत केळे असले तर उत्तम. मिठाच्या गोळ्या किंवा नुसते मीठ खाऊ नये. ज्यांना रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी जादा मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

घाम फार गेला असेल, किंवा जुलाब-उलट्या होत असतील, तर ओआरएसची पुडी उत्तम. पुडीवर जेवढे पाणी सांगितले असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. मीठ त्याहून जास्त नको. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकीची साथ आली, तेव्हा बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे असेच पाणी तोंडाने पाजायला लावून असंख्य माणसे वाचवली. जुलाबात पायाला गोळे येऊ लागले तर अंगातले पाणी फार गेले आहे असे समजावे, पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठावा.

दारू आणि ताडी यांनी थकवा जात नाही. दारूने लघवी जास्त होऊन अंगातले पाणी उलट कमी होते. कामावरून आल्यावर आधी पाणी आणि जेवण घ्यावे.

पेटके येऊच नयेत म्हणून

रात्री निजण्यापूर्वी भिंतीपासून हातभर दूर उभे राहा. तळवे भिंतीला टेका. एक पाय मागे न्या, त्याची टाच जमिनीवर आणि गुडघा सरळ ठेवा. अंग भिंतीकडे झुकवा. पोटरीला ताण बसेल. वीस-तीस सेकंद थांबा, तीन वेळा करा, मग दुसरा पाय. लावणीला उतरण्यापूर्वीही हेच करा.

दर तासाला पाच मिनिटे बांधावर येऊन कंबर आणि पाय सरळ करावेत. उन्हाळ्यात जड काम पहाटे व संध्याकाळी घ्यावे. नव्या गड्याला पहिल्या दिवशी पूर्ण दिवस राबवू नये. अंगाला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

शेतीच्या आखणीतूनही हा भार कमी करता येतो. सगळ्या खाचरांत एकच जात लावली की सगळी कामे एकाच वेळी अंगावर येतात. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने हळव्या आणि निमगरव्या अशा दोन्ही जाती दिल्या आहेत. कर्जत-३ व कर्जत-७ या हळव्या, तर कर्जत-५ ही निमगरवी. जमिनीचा मगदूर पाहून दोन मुदतींच्या जाती घ्याव्यात, म्हणजे कापणी विभागली जाते. कापणीला दातेरी वैभव विळा वापरावा, त्याने मनगटावरचा जोर कमी होतो. नेरळजवळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेली सगुणा भात पद्धत आपल्या तालुक्यातलीच आहे. तिच्यात गादीवाफ्यावर साच्याने टोकणी करतात. चिखलणीही नाही आणि लावणीही नाही. तणाची व्यवस्था मात्र नीट ठेवावी लागते. थोड्या क्षेत्रावर करून पाहावी आणि मग ठरवावे.

हे पेटके नव्हेत : दवाखाना गाठा

आता सर्वांत महत्त्वाचे. साधा गोळा येतो, आखडतो आणि सुटतो. तो एका जागी असतो. त्याबरोबर ताप नसतो. यापेक्षा वेगळे काही दिसले तर घरी चोळत बसू नका.

ताप आणि दोन्ही पोटऱ्या दुखणे. लावणीच्या दिवसांत याचा पहिला संशय लेप्टोचा घ्यावा. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या चिरांतून, जखमांतून अंगात शिरतात. पाण्यात उतरल्यानंतर बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, थंडी-ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत व कमरेत सतत ठणका आणि डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसतात. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे व फुफ्फुसे निकामी होऊ शकतात. लवकर गेले तर साध्या, स्वस्त औषधांनी हा आजार बरा होतो. डॉक्टरांना "मी खाचरात काम करतो" हे आवर्जून सांगा. पायाला जखम असेल तर ती झाकून, शक्य तर गमबूट घालून उतरा. घरी आल्यावर हातपाय साबणाने धुवा. घराभोवती व बांधावर उंदरांचा बंदोबस्त करा. साथीच्या दिवसांत आरोग्य कर्मचारी प्रतिबंधक गोळ्या देतात. त्या त्यांच्याच सल्ल्याने घ्या.

उन्हात गोळे, नंतर चक्कर, बरळणे, अंग भट्टीसारखे तापणे. हा उष्माघात. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात खारघर येथे उघड्या मैदानावर बसलेल्यांपैकी दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. ती तर नुसती बसलेली होती. माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

फवारणीनंतर स्नायू फडफडणे, लाळ, घाम, उलटी, अंधुक दिसणे. ही विषबाधा असू शकते. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद सोबत घेऊन दवाखान्यात जा.

रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे कळा, पापण्या जड होणे, गिळता न येणे. मण्यार चावलेली कळतही नाही, खूणही दिसत नाही. "अपचन झालंय" म्हणून ओवा देत बसू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. सापाच्या विषावरची लस दवाखान्यातच मिळते आणि वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो.

जबडा उघडत नाही, मान-पाठ ताठ होते. काही दिवसांपूर्वी खिळा, काटा किंवा विळा लागलेला असेल तर हा धनुर्वात असू शकतो.

एकच पाय सुजणे, गरम लागणे, दुखणे न थांबणे. किंवा थोडे चालले की पोटरी दुखणे आणि थांबले की बरे वाटणे. हा रक्तवाहिन्यांचा दोष असू शकतो. बिडी-तंबाखूवाल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

साधे पेटकेही आठवड्यातून अनेकदा येत असतील, किंवा पायात बधिरपणा व अशक्तपणा असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्यावे.

थोडक्यात

गोळा आला तर ताण द्या, विसावा घ्या, मीठ घातलेली पेज किंवा ताक प्या. गोळा सुटला तर बरे. सुटला नाही, किंवा सोबत ताप आला, तर एक दिवसही घालवू नका. आपल्या आधीच्या त्या तरुण शेतकऱ्याने चार दिवस लावणी चुकू नये म्हणून घालवले आणि पूर्ण महिना गमावला. लावणी दोन दिवस उशिरा झाली तरी पीक हाती लागते. राबणारा माणूस गेला तर ते घर उभे राहत नाही.

हे पत्रक वाचून झाल्यावर घडी करून ठेवू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, वाडीवरच्या गड्यांनाही ऐकवा, आणि आवण संपेपर्यंत पडवीतल्या खांबाला लावून ठेवा.